पाळकसाहेबांच्या मनगटावर

मित्रांनो, रोज सकाळी ज्याला चावी द्यावी लागते असे मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझी तबकडी पिवळी पडली आहे, चारचा आकडा पुसट झाला आहे आणि सेकंदकाटा आठापाशी आला की जरा अडखळतो. आता रत्नागिरीच्या बाजारात सेलवर चालणारी घड्याळे आली आहेत. त्यांना चावी लागत नाही. माझ्यासारख्याला आज कोण विचारतो? पण मी एकाच माणसाच्या मनगटावर चौतीस वर्षे होतो. त्यांची नाडी माझ्या पाठीला लागून चालत असे. त्या माणसाबद्दल लोक फार चांगले बोलतात आणि ते सगळे खरेच आहे. तरी त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण आठवडा मला जसा ठाऊक आहे, तसा दुसऱ्या कुणालाच नाही. तोच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. भिंग लावलेला एक डोळा आणि एक बारीक चिमटा, एवढेच काय ते ध्यानात आहे. बोटीतून मी मुंबईला आलो आणि तिथून रत्नागिरीच्या बाजारातल्या एका घड्याळजीच्या काचेच्या कपाटात येऊन पडलो. १९५४ साली सत्यवतीबाई नावाच्या एका तरुण शिक्षिकेने मला विकत घेतले. तिचे यजमान शलमोन पाष्टे त्या रविवारी लूथरन मंडळीचे पाळक म्हणून दीक्षा घेणार होते. तिने स्वतःच्या हाताने मला त्यांच्या मनगटावर बांधले आणि म्हणाली, "आता लोकांना ताटकळत ठेवू नका."

त्यांनी तो शब्द पाळला. अठ्ठावीस वर्षांत एकही उपासना त्यांनी उशिरा सुरू केली नाही. लग्न असो, बारसे असो की मातीला जायचे असो, पाळकसाहेब पाच मिनिटे आधी हजर. प्रवचनाला उभे राहिले की ते मला काढून समोरच्या मेजावर ठेवत आणि वीस मिनिटांच्या वर बोलत नसत. मंडळी लहान होती. चार शिक्षक, काही परिचारिका, एक कंपाउंडर, बाकी कष्टकरी. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी आजारपण आले की पाळकसाहेब सायकल काढून निघत, मग ते घर जयगडला का असेना.

घरातही ते तसेच होते. सत्यवतीबाई सकाळी वह्या तपासायला बसल्या की हे लेकीची, लीनाची, वेणी घालत. मासळी आणायला स्वतः मिरकरवाड्याला जात. एकदा तिथे उभे राहून त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिले, तर बकुळा कोळीण म्हणाली, "पाळकबाबा, घड्याळात काय बगताव? बांगड्याच्या डोळ्यात बगा! ताजा हाय का शिळा, तो सांगंल तुमाला." पाळकसाहेब इतके हसले की मी मनगटावर हिंदकळलो. मुलगा अमोस सात वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला होता. तेव्हा अकरा दिवस ते त्याच्या उशाशी बसून माझ्याकडे बघत त्याच्या नाडीचे ठोके मोजत होते. अकराव्या दिवशी ताप उतरला. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर पडलेले मला आठवते.

अमोसला अभ्यासात गोडी नव्हती. त्याचा जीव इंजिनात. आपला मुलगाही पाळक व्हावा असे साहेबांच्या मनात होते, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. "गाडी चालव," ते म्हणाले, "पण नीट चालव." अमोस मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लाकडी खोक्यांच्या कारखान्यात टेम्पोवर लागला. त्याचे लग्न झाले, एस्तर नावाची गुणी सून घरात आली. १९८२ साली पाळकसाहेब निवृत्त झाले. घराच्या पडवीत बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत, भांडणे मिटवत. सगळे कसे सुरळीत चालले होते.

आणि मग १९८४ सालचा एप्रिल महिना उजाडला.

तो सोमवार होता. आंब्याचा हंगाम, म्हणून अमोसला रिकामी खोकी घेऊन पालीला जायचे होते. पालीला मंडळीतला जुना कंपाउंडर अंथरुणाला खिळला होता. त्याला भेटायला पाळकसाहेबही टेम्पोत बसले. निघायला वेळ झाला होता. हातखंबा मागे पडला तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अमोस, नऊ वाजायला आले. मी नऊला येतो म्हणून कळवलंय. जरा हाक."

अमोसने वेग वाढवला. पुढे एक बैलगाडी होती. तिला मागे टाकायला त्याने टेम्पो उजवीकडे घेतला. वळणावर उजव्या कडेने एक माणूस डोक्यावर टहाळांचा मोठा भारा घेऊन चालला होता. पावसाआधी शेतात टहाळ जाळून जमिनीची भाजावळ करायला लोक असे भारे नेतात. टेम्पोच्या फळीचा भाऱ्याला धक्का बसला. भारा एकीकडे उडाला आणि माणूस दुसरीकडे, चरात.

आठ वाजून बावन्न मिनिटे झाली होती.

अमोसने टेम्पो थांबवला. हे मी आवर्जून सांगतो. तो पळून गेला नाही. बापलेकांनी मिळून त्या माणसाला उचलले, खोक्यांमध्ये जागा करून निजवले आणि टेम्पो रत्नागिरीकडे उलटा फिरवला. वाटभर पाळकसाहेब त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. त्याचे रक्त माझ्या चामडी पट्ट्याच्या भोकांत शिरले. साहेबांची नाडी अशी धावत होती की माझा सेकंदकाटा तिच्या मागे पडला.

मोठ्या सरकारी दवाखान्यात माणसाला आत नेले. बाहेर हवालदार वही घेऊन उभा होता. त्याने विचारले, "काय झालं?"

अमोसचे तोंड पांढरेफटक पडले होते. तो म्हणाला, "आम्ही पालीला चाललो होतो. हा चरात पडलेला दिसला. ट्रकनं उडवला असावा. आम्ही उचलून आणला."

हवालदार पाळकसाहेबांकडे वळला. त्यांना गावात कोण ओळखत नव्हते? त्याने आदराने विचारले, "असंच ना, पाळकसाहेब?"

मित्रांनो, मी घड्याळ आहे. मला मोजता येते. पाळकसाहेब बारा सेकंद काहीच बोलले नाहीत. अमोस त्यांच्याकडे पाहत होता. घरी एस्तरला सातवा महिना होता. बारा सेकंदांनी साहेबांनी विचारले, "त्याच्या घरी कुणी निरोप धाडला का?"

हवालदाराने ते हो म्हणून धरले आणि वहीत लिहून घेतले.

त्या माणसाचे नाव केरू. पालीजवळच्या एका वाडीतला कुणबी शेतकरी. मांडीचे हाड मोडले होते, डोक्याला मार होता, पण जीव वाचला. दोन दिवसांत सगळ्या गावात झाले की पाळकसाहेबांनी रस्त्यावर पडलेल्या माणसाला वाचवले. लोक वाटेत थांबवून नमस्कार करू लागले. प्रत्येक नमस्काराला साहेबांचा हात थंड पडे.

बुधवारी केरूची बायको गोदा घरी आली. वाडीहून पायी पालीला आणि तिथून एस.टी.ने. तिने पानात बांधलेले ओले काजूगर पडवीत ठेवले आणि साहेबांच्या पायांवर डोके टेकले. "तुमी देवावानी धावलाव म्हणून माजा घरवाला जिता हाय," ती म्हणाली. "आमी गरीब मानसं. आमच्याजवळ दुसरा काय नाय. ह्ये खावा."

साहेबांनी पाय मागे घेतले. गोदाला वाटले, मोठ्या माणसाला संकोच झाला.

दुपारी सत्यवतीबाईंनी त्या काजूगरांची उसळ केली. साहेबांनी पहिला घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा ताटात ठेवला. ते उठले, हात धुतले आणि मागच्या दारी जाऊन बसले. सत्यवतीबाई त्यांच्यामागून गेल्या. तीस वर्षांचा संसार होता, त्यांना विचारावे लागले नाही. त्या नुसत्या समोर बसल्या. साहेबांनी सगळे सांगितले.

बाईंनी पदराने तोंड पुसले. मग म्हणाल्या, "तो माणूस जगलाय ना?"

"जगलाय. पण पाय जन्माचा अधू राहणार."

"मग आपण त्याला मदत करू. जन्मभर करू. पण हे बोलू नका. एस्तरकडे बघा. अमोसला आत टाकतील. कारखान्यातून काढतील."

"सत्या, ती बाई माझ्या पाया पडली."

"पडू द्या. माझं लेकरू आहे ते. तुमचंही आहे."

संध्याकाळी अमोस कामावरून आला. साहेबांनी त्याला खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. ते रागावले नाहीत. त्यांनी रागावावे असे मला फार वाटत होते, कारण त्यांच्या शांतपणाची मला भीती वाटत होती.

"अमोस, चूक तुझी एकट्याची नाही," ते म्हणाले. "मीच घाई केली. हवालदारापुढे मी गप्प बसलो. पण पहिला शब्द तुझा आहे, तो तूच परत घे. मी तुझ्यासोबत येतो."

"बाबा, कागद झालाय. त्या माणसावर उपचार चाललेत. आता बोलून कुणाचं भलं होणार?"

"मला ते ठाऊक नाही. पण त्या बाईचे काजू माझ्या घशाखाली उतरत नाहीत."

"तुमच्या घशासाठी मी तुरुंगात जाऊ?"

साहेबांनी मला मनगटावरून काढले आणि पुढ्यात ठेवले. "रविवारची उपासना संपेपर्यंत मी वाट बघतो," ते म्हणाले. "तोवर तू सांग. नाही तर मी सांगेन."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मित्रांनो, तसे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. घरात कुणी कुणाशी बोलेना. एस्तरला काही कळेना, ती बिचारी एकेकाच्या तोंडाकडे पाही. सत्यवतीबाईंनी माझा पट्टा साबणाने घासून धुतला, पण भोकांतले डाग गेले नाहीत. पूर्वी त्या घरात माझा आवाज कधी कुणाला ऐकू येत नसे. आता माझी टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत जाई आणि अमोस ती ऐकून उठून बाहेर जाई. शनिवारी तो दिवसभर आलाच नाही. दर दहा मिनिटांनी साहेब माझ्याकडे पाहत होते. तो एकदा तरी दारात दिसावा, एवढेच त्यांना हवे होते.

रविवारी सगळे उपासनेला गेले. अमोसही आला. तो एस्तरशेजारी तिसऱ्या बाकावर बसला. नवे पाळक तरुण होते, मनाने भले होते. त्यांनी प्रवचनात सांगितले की आपल्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी या आठवड्यात दया म्हणजे काय ते आपल्याला दाखवून दिले. सगळी मंडळी वळून पाळकसाहेबांकडे पाहू लागली. मागून कुणीतरी "आमेन" म्हणाले.

साहेबांनी अमोसकडे पाहिले. अमोस फरशीकडे पाहत होता. शेवटची प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला. अमोस उठला नाही.

साहेब तिथे काही बोलले नाहीत. ज्यांना सत्य सांगायचे होते ती माणसे तिथे नव्हतीच. ते बाहेर पडले आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले. सत्यवतीबाई धावत त्यांच्यापुढे गेल्या आणि भर रस्त्यात उभ्या राहिल्या. "जाऊ नका हो," त्या म्हणाल्या. येणारेजाणारे बघत होते. साहेब त्यांना वळसा घालून पुढे गेले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही.

केरू शुद्धीवर होता. पाय टांगलेला, पायाला वजन बांधलेले. गोदा त्याला पेज भरवत होती. साहेबांना पाहून ती लगबगीने उठली आणि पदराने लोखंडी स्टूल पुसू लागली. "बसा," ती म्हणाली.

"बसत नाही," साहेब म्हणाले. "आधी ऐका. केरू, तुला ट्रकनं उडवलं नाही. आमच्याच टेम्पोचा धक्का लागला. माझा मुलगा चालवत होता आणि मी शेजारी बसून घाई करत होतो. पोलिसांपुढे आम्ही खोटं सांगितलं."

त्यांची नाडी त्या वेळी आश्चर्य वाटावे इतकी हळू चालत होती.

केरू छताकडे पाहत हळूच म्हणाला, "मना ठावं हाय."

"ठाऊक आहे?"

"निळा टेंपो. आरशाला लाल फडका बांदलेला. मी बगितलाय. डोळं उगडलं तवा ही म्हनाली, पाळकांनी वाचवलान. मी कायच बोललो नाय. म्हटला, बगू, म्हातारा काय करतो."

गोदा मात्र जागची हलली नव्हती. पेजेची वाटी तिच्या हातात तशीच होती. "मी तुमच्या पाया पडलंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "माज्या हातचं काजू खाल्लाव तुमी? खाल्लाव?"

"नाही, गोदाबाई. खाता आले नाहीत."

"जावा इथनं," ती म्हणाली. "माज्या डोळ्यासमोरनं जावा."

साहेब गेले. तिथून सरळ पोलीस ठाण्यावर. तोच हवालदार होता. त्याने त्यांना बसवले, पाणी दिले आणि म्हणाला, "साहेब, विचार करा. पोरगा आत जाईल."

"सहा दिवस विचारच केलाय," साहेब म्हणाले. "लिहा. मी गप्प बसलो तेही लिहा."

सोमवारी सकाळी पोलिसांनी अमोसला कारखान्याच्या फाटकावर ताब्यात घेतले. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि लायसन गेले. त्याची नोकरीही गेली. साहेबांना न्यायाधीशांनी कडक शब्दांत समज दिली. ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. ज्या गावाने त्यांना नमस्कार केले होते, त्यातले निम्मे लोक आता म्हणत होते, "पोटच्या पोराला आत घातलान म्हाताऱ्यानं." दुसरे निम्मे म्हणत, "पाळक म्हणवतो आणि खोटं बोलतो." दोन्ही बोलणी साहेबांना ऐकू येत.

एस्तर माहेरी निघून गेली. जूनमध्ये तिला मुलगी झाली. साहेबांना कुणी बोलावले नाही. सत्यवतीबाई दर बुधवारी एकट्याच नातीला बघून येत. दर पंधरा दिवसांनी साहेब तुरुंगावर जात. अमोस भेटायला येत नसे. साहेब तिथल्या बाकावर भेटीची वेळ संपेपर्यंत बसत, माझ्याकडे पाहत आणि परत येत.

पाऊस स्थिरावला, लावणीचे दिवस आले. एका सकाळी साहेबांनी धोतर खोचले, मला चावी दिली आणि पालीची एस.टी. धरली. केरूची शेती डोंगराच्या उतारावर, चार चोंढे, म्हणजे भाताची खाचरे. केरू अजून घरात पडून होता. गोदा एकटी चिखलात उभी होती.

"आमच्या शेतात तुमचं काय काम?" ती म्हणाली.

साहेब बांधावर बसले. संध्याकाळी ते परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा बांधावर बसले. तिसऱ्या दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला, रोपे वाहून जायची वेळ आली. तेव्हा गोदाने रोपांची एक जुडी त्यांच्या अंगावर फेकली. "लावा," ती म्हणाली. "पन सरळ लावा."

पाळकसाहेबांना भात लावता येत नव्हते. बासष्ट वर्षांचा तो माणूस चिखलात वाकला आणि वेडीवाकडी रोपे खुपसू लागला. गोदा मागून येऊन निम्मी उपटून पुन्हा लावी आणि तोंडाने बडबड करी. माझ्यात पाणी शिरले, काचेला आतून वाफ धरली. मला त्याचे काही वाटले नाही. दुपारी गोदाने केळीच्या पानावर भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

त्यानंतर ते बेणणीला, भातातले तण काढायलाही गेले, आणि ऑक्टोबरात कापणीलाही. तोवर केरू काठी टेकत बांधापर्यंत येऊ लागला होता. एक पाय दीड बोट आखूड झाला होता. तो बांधावर बसून साहेबांच्या कापणीला हसत असे.

कापणीचा दुसरा दिवस होता. साहेब विळा घेऊन वाकले होते. मनगट इतके वाळले होते की मी पंज्यापर्यंत घसरत होतो. इतक्यात कुणीतरी मागून येऊन त्यांच्या हातातला विळा धरला.

"बाबा, उठा," आवाज आला. "तुम्हाला कापता येत नाही."

अमोस होता. आठ दिवसांपूर्वी सुटला होता, पण घरी आला नव्हता. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. साहेबांची नाडी एकदम थांबली आणि मग अशी उसळली की मी दचकलो.

बांधावरून केरूने विचारले, "तू अमोस काय?"

"होय."

"गाडी चालवतंस अजून?"

"लायसन गेलं."

केरूने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. स्वतःचा अधू पाय त्याने हातांनी उचलून सरळ केला. "मग इळा नीट धर," तो म्हणाला. "पेंढा जमनीलगत काप. वर कापलास तर गोदा वरडंल."

अमोस वाकला. त्या दिवशी त्याने एक चोंढा एकट्याने कापला. बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पण परत जाताना एस.टी.त ते एका बाकावर बसले होते, आणि पालीपासून रत्नागिरीपर्यंत अमोसचा खांदा साहेबांच्या खांद्याला टेकलेला होता.

एका दिवसात सगळे नीट झाले, असे मी म्हणणार नाही. अमोसला एका गॅरेजमध्ये काम मिळायला वर्ष गेले. एस्तर परत आली, पण सासऱ्यांशी मोकळेपणाने बोलायला तिला आणखी एक वर्ष लागले. केरूच्या लावणीला आणि कापणीला मात्र अमोस दर वर्षी जात राहिला. कुणी त्याला सांगितले नव्हते.

मध्ये मिरजेला राहणारी लेक लीना घरी आली तेव्हा तिने वडिलांना सेलवरचे नवे घड्याळ आणले. साहेबांनी आठवडाभर ते बांधले आणि मी खणात दोऱ्याच्या रिळांजवळ पडून राहिलो. मला वाटले, झाले आपले. पण आठव्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढले. "त्याला माझी गरज नाही," ते लेकीला म्हणाले. "याला आहे."

१९८८ च्या जानेवारीत साहेबांनी अंथरूण धरले. हातात चावी फिरवण्याइतके बळ उरले नव्हते. एका दुपारी त्यांनी मला सत्यवतीबाईंपुढे केले. बाईंनी मला हळूहळू चावी दिली.

"सत्या," साहेब म्हणाले, "त्या रविवारी तू रस्त्यात उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलंही नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

"मी बरोबर केलं का?"

बाईंनी मला त्यांच्या मनगटावर बांधले. शेवटच्या भोकातही पट्टा सैल होत होता. "केलंत ते बरोबरच केलंत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही क्षणभर थांबला असतात तर मी तुमच्याबरोबर आले असते."

साहेबांनी त्यांचा हात धरला. ते रडत होते. बाईंनी हात सोडवून घेतला नाही. चार दिवसांनी, सकाळी साडेदहाला, माझ्या पाठीशी असलेली ती नाडी थांबली. मी मात्र चालत होतो. कुठल्याही घड्याळावर अशी वेळ येऊ नये.

मातीला गाव लोटले होते. पालीहून केरू आणि गोदाही आली होती. गोदा इतकी रडली की अनोळखी लोकांना ती घरचीच वाटली.

मित्रांनो, आता मी अमोसच्या हातावर आहे. तो मला रोज चावी देतो. तुमच्याही घरी एखादे जुने घड्याळ असेल. त्याला खणात टाकून विसरू नका. त्याला पाण्यापासून जपा आणि रोज चावी द्या, ते आणखी पुष्कळ वर्षे चालेल. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कधी उशीर झाला नाही, त्याचीही दोनदा वेळ चुकली. बोलायचे होते तेव्हा तो बारा सेकंद गप्प बसला आणि थांबायचे होते तेव्हा चालत राहिला. पहिली चूक त्याने चिखलात उभे राहून फेडली. दुसरीची माफी त्याने मागितली ती आयुष्याचे चार दिवस उरले असताना. तुम्ही एवढा उशीर करू नका. खरे बोलायला निघाल तेव्हा अवश्य निघा, पण वाटेत जे आपले माणूस उभे असेल, त्याच्या तोंडाकडे एकदा बघा आणि त्याला विचारा, येशील का माझ्याबरोबर?